उजव्या कोपऱ्यातला रेग्युलेटर

आमच्या वणीच्या गॅरेजमध्ये मी पार्ट धुते. गिऱ्हाइकाशी बोलत नाही, मला ते जमत नाही. पण इतक्या वर्षांत आम्हा नवराबायकोची एक रीत पडली. दोन पार्टांतला कोणता घ्यायचा असा प्रश्न आला, की मला बरोबर वाटतो तो मी ट्रेच्या उजव्या कोपऱ्यात ठेवते. हे विचारत नाहीत, मी सांगत नाही. उजवीकडचा उचलतात आणि बसवतात. नाव त्यांचं होत असे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

माझा धाकटा भाऊ मारेगावला भाड्यानं गाडी चालवायचा. नागपूरच्या कोण्या हौशी माणसाकडून त्यानं जुनी पेट्रोल गाडी घेतली. तिला मागाहून टर्बो बसवलेला. तिचा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे इंजिनला पेट्रोल किती दाबानं जायचं ते सांभाळणारा पार्ट, गळायला लागला, म्हणून तो आमच्याकडे आला. यांनी दुकानातून दोन आणले. एक निळा, चकचकीत. दुसरा साधा, पण डोक्यावर बारीक नळी लावायला तोटी असलेला. जुन्यालाही तशीच नळी होती, मीच तो धुतला होता. यांचे उस्ताद एकदा चहा पिताना सांगत होते, टर्बो इंजिनात हवा कोंबतो, मग पेट्रोललाही तेवढाच जास्त जोर लागतो. हवा किती आली हे रेग्युलेटरला त्या नळीतूनच कळतं, नाही कळलं तर पेट्रोल कमी पडून इंजिन आतून जळतं. माझ्या ते लक्षात राहिलं. कपाशीवर वाऱ्याच्या उलट फवारताना पंप जास्त हाणावा लागतो, तसंच.

मी तोटीवाला उजवीकडे ठेवला. यांनी त्याला हात घातला.

भाऊ बाजूला स्टुलावर बसला होता. म्हणाला, "भाऊजी, मी मघापासून पाहून राह्यलो. ताई ठेवते तेच तुम्ही उचलता. खरा मिस्त्री तर ताईच हाय."

"असं काय, साळेबुवा? मंग पैसे पण तिलेच द्याजा," हे हसले. हसता हसता हात डावीकडे नेला आणि निळा उचलला.

"अन् तो नळीवाला?" भावानं विचारलं.

"तो जुन्या जमान्याचा. नळी म्हणजे फुकटची कटकट."

गाडी जागेवरच चालू करून पेट्रोलच्या दाबाचा मीटर लावला. सुई बरोबर होती. उभ्या गाडीत टर्बो जोर करतच नाही, हे मला माहीत होतं. यांनाही होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण आईनं सासरी पाठवताना शिकवलं होतं, माहेरच्या माणसापुढं नवऱ्याला खाली पाहायला लावू नये. मी हात पुसत उभी राहिले.

चौथ्या दिवशी लग्नाच्या सवाऱ्या घेऊन तो चढावर जोरात निघाला आणि इंजिन बसलं. गाडी ओढून आमच्याकडे आणली. उघडलं तर पिस्टन वितळून भोक पडलेलं.

"पेट्रोल भेसळीचं," हे म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही.

भाऊ आत माझ्याजवळ आला. "ताई, पेट्रोलच खराब असन ना?"

"असन," मी म्हटलं.

तो पंपावर जाऊन भांडला. तिथं लोक त्याला हसले. ते इंजिन पुन्हा उभं राहिलं नाही. आता तो दुसऱ्याच्या कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे. टर्बोची गाडी आली की हे गिऱ्हाइकाला नळी कशी लागतेच ते समजावून सांगतात. चांगलं सांगतात.

भाऊ कधीमधी जेवायला येतो. अजून त्या पंपवाल्याला शिव्या देतो. हेही शेजारी बसून हो ला हो करतात. मी दोघांना वाढते.