खोरीवस्तीचा जलमार्ग

कल्याणप्पा हत्तरगे यांना पोहता येत नाही, ही गोष्ट चिंचतळं गावात एकट्या शिवम्माला, म्हणजे त्यांच्या बायकोला ठाऊक होती. एकोणतीस वर्षं ते गावच्या तलावात होडी चालवत होते. अलीकडच्या काठावर चिंचतळं, पलीकडं डोंगराच्या पोटात खोरीवस्तीची तेरा घरं. तलाव बांधला तेव्हा कल्याणप्पांच्या वडिलांची चार एकर जमीन पाण्याखाली गेली. पुढं ग्रामपंचायतीनं होडी घेतली, ती चालवायला माणूस हवा होता, आणि हे नाहीतरी बिनजमिनीचे. तेव्हापासून वस्तीचं दळण, खत, नवऱ्यामुली, आजारी माणसं, एकदा तर अख्खी पिठाची गिरणी, सगळं त्यांच्याच होडीतून गेलं. सरकारी कागदावर खोरीवस्तीच्या पुढं ‘दळणवळण : जलमार्ग’ असं लिहिलेलं होतं. त्याचा कल्याणप्पांना अभिमान होता.

या तलावात पाऊस जेमतेम भर घालायचा. खरा तो भरायचा वरच्या धरणाच्या कालव्यावर. २०२४ च्या फेब्रुवारीत धरणातलं उरलंसुरलं पाणी पिण्यासाठी राखून ठेवलं आणि कालवा बंद झाला. मार्च संपता संपता होडी चिखलात टेकली. एप्रिलमध्ये चिखलही वाळला, त्याला तळहाताएवढ्या भेगा पडल्या. मधोमध एक डबकं राहिलं, त्यात गावच्या म्हशी बसायच्या.

अशा वेळी तालुक्याहून एक शिपाई नोटीस घेऊन आला. पिण्याचं पाणी राखीव असल्यानं तलावात होडी चालवायला सक्त मनाई, असा मजकूर होता. चिकटवायला आसपास खांब नव्हता की भिंत नव्हती, म्हणून त्यानं ती होडीलाच चिकटवली.

‘‘साहेब, होडीपासून पाणी दोनशे पावलं लांब हाय,’’ कल्याणप्पा म्हणाले.

‘‘मग पाळायला सोपं झालं की.’’

‘‘आन् त्या म्हशी?’’

‘‘म्हशींचं खातं वेगळं,’’ शिपाई म्हणाला आणि खळीचा डबा उचलून निघून गेला.

मे उजाडला आणि खोरीवस्तीची विहीर आटली. वस्तीचा कारभार उमाबाई बघायच्या. साठीच्या, आवाजानं खणखणीत. चारदा तालुक्याला चकरा मारून त्यांनी टँकर मंजूर करून आणला. टँकरवर बसवेश नावाचा ड्रायव्हर होता. त्यानं डोळ्यांपुढं सपाट कोरडा तलाव बघितला आणि गाडी सरळ त्यात घातली. कल्याणप्पा वाट दाखवायला शेजारी बसले होते. पलीकडच्या काठाजवळ पोचले तोच बसवेशचा मोबाइल वाजला. टँकर कुठं फिरतात ते तालुक्याला पडद्यावरच्या नकाशात बघणारा एक माणूस असायचा, त्याचा फोन.

‘‘बसवेश, तुझी गाडी तळ्यात दिसतीय!’’

‘‘तळ्यातच हाय, साहेब.’’

‘‘अरे देवा. किती बुडाली?’’

‘‘बुडाली न्हाय. फुफाट्यात हाय.’’

‘‘इथं चहूकडं निळं दिसतंय. मागं फीर आधी. बुडालेल्या टँकरची खेप मला धरता येत न्हाय.’’

बसवेशनं परोपरीनं सांगितलं, खिडकीतून धुळीचा फोटोही पाठवला. पण फोटो पडद्यावरच्या निळ्यापुढं टिकला नाही. भरलेला टँकर पलीकडच्या काठापासून हाकेच्या अंतरावर वळला आणि परत आला. काठावर रिकामे हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या बाया बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी उमाबाई आणि कल्याणप्पा ग्रामपंचायतीत गेले. तिथं रणधीर नावाचे ग्रामसेवक होते, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. माणूस प्रामाणिक, कुणाचा चहासुद्धा न घेणारा. त्यांनी फाइल काढून दोनदा वाचली.

‘‘टँकर काठापर्यंतच येईल. पुढं जलमार्ग आहे. म्हणजे पाणी होडीनं न्यावं लागेल.’’

‘‘भाऊसाहेब, पाणी असतं तर पाणी कशाला नेलं असतं?’’ उमाबाई म्हणाल्या.

‘‘ते मला दिसतंय, मावशी. कागदाला दिसत नाही.’’

‘‘बैलगाडीवर पाण्याची टिपाडं टाकून नेतो की,’’ कल्याणप्पा म्हणाले.

‘‘बैलगाडीला रकाना नाही, अप्पा. होडीला आहे. रोज फोटो पाठवायचाय, होडी, नावाडी आणि पाणी, तिन्ही एकत्र दिसलं पाहिजे.’’

‘‘पण होडी चालवायला मनाई हाय ना? तिच्यावरच चिकटवलंय.’’

भाऊसाहेबांनी नोटीस मागवून घेतली आणि तीही दोनदा वाचली. मग त्यांचा चेहरा उजळला.

‘‘मनाई चालवायला आहे. ओढायला नाही.’’

झालं. उमाबाईंच्या बैलगाडीची वरची फळ्यांची साटी काढली आणि चाकांवर होडी चढवून दोरखंडानं आवळली. आत आठ टिपाडं बसली. नियमाप्रमाणं नावाड्यानं लाइफ जॅकेट घालायचं होतं, नारिंगी, जाड, गळ्यापर्यंत फुगलेलं. ते घालून, हातात वल्हं घेऊन कल्याणप्पा दारात उभे राहिले तेव्हा शिवम्मा भाकरी थापत होती. तिनं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

‘‘कुठं निघाला असं?’’

‘‘कामावर.’’

‘‘वल्हं कशाला?’’

‘‘फोटोत दिसाया पायजे.’’

‘‘आयतु,’’ शिवम्मा म्हणाली. तिच्या माहेरच्या कानडीत त्याचा अर्थ ‘बरं’ एवढाच. पण ती दुसऱ्या भाकरीकडं वळल्यावर तिचे खांदे हलत होते, हे त्यांनी बघितलं.

टँकर काठाला आला, टिपाडं भरली, फोटो निघाला. उमाबाईंनी बैलांचा कासरा धरला आणि होडी निघाली. ऊन मरणाचं होतं. चाकं भेगांतून धडधडत होती आणि जॅकेटच्या आत घामाचे ओघळ वाहत होते. सवयीनं कल्याणप्पांचा हात वल्ह्यावर दोनदा फिरलाही. होडीत आलेलं पाणी उपसून फेकण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता टिपाडातून थेंब उडाला तरी त्यांच्या जिवाला लागायचं.

डबक्याच्या अलीकडं एक खोलगट जागा लागली. उमाबाईंनी बैल थांबवले.

‘‘अप्पा, ह्योच का वो तुमचा डोह?’’

कल्याणप्पांनी होडीतून वाकून बघितलं. गंगम्माचा डोह म्हणून त्या जागेचं नाव त्यांनीच पाडलं होतं. तिथं बारा पुरुष पाणी आहे, आत मगर आहे, असं सांगून एकोणतीस वर्षं त्यांनी बडबड्या पोरांना आणि भांडखोर पाहुण्यांना होडीत गप्प बसवलं होतं. त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता. तिथून जाताना ते दर खेपेला मनात देवाचं नाव घ्यायचे. आता त्या खड्ड्यात एक शेळी उभी होती आणि तिचं डोकं वर दिसत होतं.

‘‘माती साचली आसंल,’’ ते म्हणाले.

‘‘आन् मगर?’’

‘‘गेली आसंल.’’

उमाबाई एवढ्या हसल्या की त्यांना कासरा सोडून खाली बसावं लागलं. मग कल्याणप्पांनाही हसू आलं, आणि जॅकेटमुळं ते पोटातल्या पोटात अडकून राहिलं.

तिथून पुढं दगडांची एक लांब ओळ लागली. ती बघताच कल्याणप्पांनी होडीतून खाली उडी टाकली. वडिलांच्या शेताचा बांध होता. गाळात अर्धा बुडालेला, पण जागच्या जागी. कोपऱ्यात वडील ज्यावर बसून तंबाखू मळायचे तो काळा दगडही होता. कल्याणप्पा त्यावर जरा बसले. या शेतावरून ते रोज सहा वेळा होडी नेत होते, आणि ते नेमकं कुठं आहे हे त्यांना कधी कळलं नव्हतं.

‘‘चला अप्पा,’’ उमाबाई हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘बाया वाट बघत्यात.’’

असं छत्तीस दिवस चाललं. हायवेवरचे ट्रकवाले ढाब्यावर जेवायचं सोडून कोरड्या तळ्यातली होडी बघायला फाट्यावरून आत येऊ लागले. कुणीतरी काढलेला व्हिडिओ फिरत फिरत वरच्या एका साहेबांपर्यंत पोचला. ते जीप घेऊन आले, बैल बघितले, होडी बघितली, वल्हं घेतलेले कल्याणप्पा बघितले.

‘‘हे काय चाललंय?’’

‘‘जलमार्ग, साहेब,’’ कल्याणप्पा म्हणाले.

साहेब जागच्या जागी संतापले. दोन दिवसांत मोजणीची माणसं आली, फिती लावल्या, चुन्याच्या रेषा मारल्या. तळ्याच्या मधोमध एक किलोमीटर आठशे मीटरचा कच्चा रस्ता कागदावर चढला. पडद्यावरच्या त्या निळ्यात एक तांबडी रेघ उमटली आणि बसवेशचा टँकर तिच्यावरून थेट वस्तीत गेला. सगळ्यांना बरं वाटलं. कल्याणप्पांनी होडी चाकांवरून उतरवून तिला डांबर फासलं.

त्या वर्षी पाऊस दणकून झाला, कालवाही सुटला. सप्टेंबरात तळं काठोकाठ भरलं. चुन्याची रेष, बांध, रस्ता सगळं खाली गेलं. होडी पाण्यात गेली त्याच आठवड्यात पंचायतीत पत्र आलं. खोरीवस्तीला रस्ता उपलब्ध झाल्यानं होडीची सेवा बंद करण्यात येत आहे.

कल्याणप्पांनी ते काठावर उभ्यानंच वाचलं. मागं अकरा माणसं, दोन शेळ्या आणि एक सायकल खोळंबली होती. ‘‘काय लिवलंय?’’ कुणीतरी विचारलं. ‘‘रस्ता झालाय म्हणं,’’ ते म्हणाले, कागद खिशात घातला आणि सगळ्यांना होडीत घेतलं. त्या दिवसापासून पंचायतीच्या लेखी होडी नाही. वस्तीवाले मात्र कल्याणप्पांना ज्वारी, तूर, कधी कोंबडी आणून देतात.

दिवाळीच्या अलीकडं भाऊसाहेबांना वस्तीवर जायची पाळी आली. नव्या रस्त्याची पाहणी करून अहवाल पाठवायचा होता. ते पिशवी घेऊन काठावर आले आणि पाण्याकडं बघत उभे राहिले.

‘‘अप्पा, सोडता का पलीकडं?’’

‘‘या की, बसा.’’

होडी निघाली. निम्म्यात आल्यावर भाऊसाहेबांनी पिशवीतून फॉर्म काढून मांडीवर घेतला. कसे आलात, असा त्यात एक रकाना होता. पेन बराच वेळ त्याच्यावर थांबलं.

‘‘काय लिवताव?’’ कल्याणप्पांनी विचारलं.

‘‘होडी तर बंद आहे,’’ भाऊसाहेब म्हणाले. त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : पायी.

‘‘दमला असाल मग,’’ कल्याणप्पा म्हणाले, आणि वल्हं पाण्यात घातलं.