सोनमतीआजींचं सरनाम

रॉयचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसातून परतत होते आणि गाडी हॉलंडमधल्या आमच्या नीउ-व्हेनेपच्या स्टेशनात शिरत होती. "ममा आज दुपारी गेली. झोपेतच." त्याखाली आणखी एक ओळ होती. "तुला जमलं तर ये ना. डेन हागहून नातेवाईक येतील. त्यांच्याशी ममाच्या भाषेत कोणीतरी बोलायला हवं." मी प्लॅटफॉर्मवर उतरले आणि तिथल्या बाकावर बसून राहिले. गर्दी ओसरली, पुढची गाडी येऊन गेली, तरी उठवेना. ज्या भाषेसाठी रॉय मला बोलावत होता ती माझी नव्हतीच. त्याच्या आईची होती. आणि ती त्याला येत नव्हती.

रॉयची आई, सोनमतीआजी, आमच्या शेजारी राहायच्या. इथं घरं रांगेनं चिकटून असतात, त्यामुळे आमची आणि त्यांची एक भिंत एकच. आम्ही पुण्याहून इथं आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात मी मागच्या बागेत कपडे वाळत घालत होते आणि कुंपणापलीकडून आवाज आला, "का बनावत है, बेटी? बड़ा नीक महकत है." मी थबकलेच. आत आमटीची फोडणी नुकतीच पडली होती. पांढऱ्या केसांचा नीटस बॉब केलेल्या, फुलाफुलांचा फ्रॉक घातलेल्या एक बाई कुंपणावर हात ठेवून उभ्या होत्या. मी हिंदीत विचारलं, "आप इंडिया में कहाँ से?" त्या म्हणाल्या, "इंडिया के ना. हम सरनाम के." मला वाटलं, असेल बिहारमधलं एखादं गाव. मी विचारलं, "वह कहाँ पडता है? पटना के पास?"

त्या इतक्या हसल्या की त्यांना बागेतली खुर्ची ओढून बसावं लागलं. पुढं कोणीही नवीन माणूस घरी आलं की माझी ओळख त्या अशीच करून द्यायच्या. "ही मेधा. हिच्या हिशेबानं मी पाटण्याच्या जवळची."

सरनाम म्हणजे सुरिनाम. दक्षिण अमेरिकेच्या डोक्यावर, समुद्राकाठी वसलेला देश. एके काळी तो डचांच्या ताब्यात होता, आणि उसाच्या मळ्यांत राबायला त्यांनी बिहार-उत्तर प्रदेशातून माणसं जहाजात भरून नेली. आजींचे आजोबा त्यांतलेच एक, बस्ती जिल्ह्यातले. आजोबांना त्या "आजा" म्हणायच्या आणि आजीला "आजी". हे ऐकून मी चमकले. आमची ईरा तेव्हा नुकती बोलायला लागली होती. त्या दिवसापासून ती त्यांना आजी म्हणायला लागली, मराठीतून की सरनामीतून हे विचारायची कधी गरजच पडली नाही. तिच्यामागोमाग मीही आजीच म्हणू लागले. आमचं बोलणं त्यांच्या सरनामीत आणि माझ्या पुणेरी हिंदीत चालायचं. दोन्हीकडे भरपूर डच मिसळलेलं असायचं, आणि जिथं काहीच जमायचं नाही तिथं हातवारे.

आपला देश त्यांनी मला पहिल्यांदा समजावला तो पोळीवर. दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते, त्या डाळ भरलेली रोटी करत होत्या. एक रोटी त्यांनी ताटलीत माझ्यासमोर सरकवली आणि वरच्या कडेवरून बोट फिरवलं. "हा समुद्र. आम्ही सगळे एवढ्या कडेवर राहतो. आमचे लोक, आफ्रिकेहून आणलेले, जावातून आणलेले, चिनी, सगळे. खाली हे बघ, पूर्ण जंगल. तिथले मूळचे लोक जंगलात. आणि नद्या." त्यांनी बोटानं उभ्या रेघा ओढल्या. "डाव्या टोकाला निकेरी. तिथं माझं घर. चहूकडे भात." मी म्हटलं, "म्हणजे लहानसाच आहे की देश." आजींना ते आवडलं नाही. "लहान? हॉलंड चार वेळा बसेल त्यात. माणसं कमी आहेत, म्हणून सगळे लहान म्हणतात." मग म्हणाल्या, "आणि जी होती त्यातली अर्धी आम्ही इकडे निघून आलो..."

त्या आल्या ते देश स्वतंत्र व्हायच्या सुमाराला. पुढं काय होईल कोणाला ठाऊक नव्हतं आणि डच पासपोर्ट तेवढ्यापुरता हातात होता, म्हणून विमानंच्या विमानं भरून माणसं निघाली. आजी तेव्हा विशीत होत्या, नुकतं लग्न झालेलं. आई मागे राहिली. आईला त्या "माई" म्हणायच्या. दोन वर्षांत परत येते, असं माईला सांगून त्या निघाल्या होत्या. इथं आल्यावर त्यांनी वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम धरलं, दुसऱ्यांच्या आयांना न्हाऊ-खाऊ घातलं. माई आजारी पडली तेव्हा रॉय पोटात होता आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली होती. माईला निकेरीहून राजधानीत, पारामारिबोच्या हॉस्पिटलात नेलं. तिथंच ती गेली. हे सगळं त्यांनी मला एकदाच सांगितलं, भांडी पुसता पुसता, अगदी कोरड्या आवाजात. नंतर म्हणाल्या, "इथंही पोल्डर, तिथंही पोल्डर. निकेरीची शेतं डचांनी अशीच पाणी हटवून केलेली. मी एका पोल्डरमधून निघाले आणि दुसऱ्यात येऊन राहिले. काय वेगळं आहे? थंडी." आणि पुसलेला पेला उजेडात धरून डाग राहिलाय का ते पाहू लागल्या.

मला एकदा तिकडे न्यायचं हा त्यांचा पक्का बेत होता. भाताची कापणी असेल तेव्हा जायचं, निकेरीहून मोटारीनं समुद्राकाठच्या रस्त्यानं राजधानीपर्यंत. त्या लहान असताना तो रस्ताच नव्हता, बोटीनं जावं लागे. पुढं रस्ता झाला, पण नदीवर पूल नव्हता, गाड्या तराफ्यावर चढवून पलीकडे न्यायचे, आणि तराफ्याची वाट बघताना बायका केळ्याचे तळलेले काप विकायला यायच्या. आता पूल झालाय म्हणतात... दर वर्षी आमचं जायचं ठरायचं. कधी माझी सुट्टी जमायची नाही, कधी त्यांचा गुडघा दुखायचा. त्यांचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकटीनं एवढा प्रवास करायचा त्यांना आता धीर होत नव्हता. घाई कोणालाच नव्हती.

गेल्या शरदात एका सकाळी त्यांच्या खिडकीचे पडदे उघडले नाहीत. रॉय जवळच, होफडॉर्पला राहतो, त्याला मी फोन केला. तो किल्ली घेऊन आला. आजी न्हाणीच्या दारात पडलेल्या होत्या, शुद्धीत होत्या, पण उजवी बाजू लुळी. पक्षाघात. हॉस्पिटलातून त्यांना शुश्रूषागृहात हलवलं तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्यांची डच भाषा गेली होती. पन्नास वर्षं बोललेली, जिच्यात त्यांनी नोकरी केली, मुलगा वाढवला, ती पुसून गेली होती. उरली ती लहानपणची सरनामी. आणि तीही तुटक, शब्दांच्या मध्ये मोठमोठ्या फटी. डॉक्टरांनी समजावलं की असं होतं कधीकधी, नंतरची भाषा आधी जाते. रॉय माझ्याकडे बघत राहिला. तो चाळिशी कधीच ओलांडलेला, उंच, कामात कडक माणूस. म्हणाला, "मी लहान असताना ती माझ्याशी मुद्दाम डचच बोलायची. शाळेत मागं पडू नये म्हणून. मेधा, मला फक्त 'खाना खा' आणि 'चुप' कळतं."

म्हणून मी जाऊ लागले. आठवड्यातून दोन-तीनदा, ऑफिसातून परस्पर, कधी ईराला घेऊन. आजी बोलायच्या, मी रॉयला आणि नर्सना सांगायची. तहान लागली. कूस बदला. ती बाई फार जोरात बोलते. एवढं मला जमायचं. त्यापलीकडे मीही अंदाजच करत असे, कारण हिंदी म्हणजे सरनामी नव्हे आणि आजींच्या बोलण्यात तिकडच्या आणखी कुठल्या कुठल्या भाषांचे शब्द मिसळलेले असत. मी भाषांतर करते आहे असा सगळ्यांचा समज होता. मला मात्र आपण काचेवर हात फिरवत दार शोधतोय असं वाटायचं.

हिवाळ्यात त्यांनी एकच धोशा लावला. "फोतो... हम फोतो जाब." फोतो. रॉयला वाटलं, फोटो. मलाही तेच वाटलं, मराठीत फोटो, डचमध्ये फोटो, दुसरं काय असणार? 'जाब' म्हणजे जाणार, तर फोटोतल्या कोणाकडे तरी जायचं असेल. रॉयनं माळ्यावरचे सगळे आल्बम आणले. आम्ही एकेक पान त्यांच्यासमोर धरलं. लग्नाचा, रॉयच्या बारशाचा, बर्फात कुडकुडणाऱ्या पहिल्या हिवाळ्याचा. त्या डाव्या हातानं आल्बम ढकलून द्यायच्या आणि रडायच्या. "ना... फोतो, फोतो!" रॉयनं माईचा एकुलता एक जुना फोटो मोठा करून भिंतीवर लावला. आजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि आणखी जोरात रडल्या. रॉय बाहेर जाऊन कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्या शेजारी मीही भिंतीला टेकून उभी राहिले.

मग एका रविवारी डेन हागहून त्यांची मावसबहीण आली, लीलामौसी. स्वतः ऐंशीच्या घरातल्या, वॉकर ढकलत आलेल्या. त्या खाटेशी बसल्या, आजींचं बोलणं ऐकलं आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "फोटो कसले दाखवताय तिला? फोतो म्हणजे शहर. आम्ही गावाकडचे लोक पारामारिबोला फोतो म्हणतो. तिला शहरात जायचंय. म्हणतेय, माईला हॉस्पिटलात ठेवलंय, मला जायला हवं."

इतके आठवडे आम्ही शब्दाचा अर्थ लागावा म्हणून धडपडत होतो. आता अर्थ लागला होता आणि काहीच करता येत नव्हतं. रॉयनं तरी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना गाठलं. बरोबर नर्स घेऊ, आडवं झोपवून नेऊ, काहीतरी सोय असेलच ना? डॉक्टर मायाळू होत्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एवढा मोठा विमानप्रवास आजींचं हृदय सोसणार नाही, म्हणाल्या. "आणि पोचल्या तरी... त्यांना ज्यांच्याकडे जायचंय त्या तिथं आहेत का?" नंतर गाडीत रॉय मला म्हणाला, "ती माझ्यामुळे गेली नव्हती तेव्हा. मी पोटात होतो." मी म्हटलं, "अरे, यात तुझा काय दोष?" तो म्हणाला, "दोष नाही. तरी कारण मीच ना." शिपोलवरून उडालेलं एक विमान अगदी डोक्यावरून गेलं. सिग्नल हिरवा झाला तरी तो गाडी हलवेना, मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा भानावर आला.

शेवटची भेट झाली तेव्हा मी एकटीच होते. आजी थकल्या होत्या, पण तेच चाललं होतं, आवाज नसलेलं, नुसते ओठ. मला राहवलं नाही. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "चलिए आजी, फोतो चलते हैं." आणि त्यांनीच मला सांगितलेला रस्ता त्यांना सांगायला लागले. हे निकेरी सुटलं, ही भातशेतं, पांढरे बगळे. आता नारळाच्या बागा आल्या. आता नदी, तराफा पलीकडे आहे, थांबावं लागेल, केळ्याचे काप घ्यायचे का? आजी ऐकत होत्या. डोळे माझ्यावर लागलेले. मला वाटलं, शांत होताहेत. मी त्यांना नदीपार नेलं, राजधानीतल्या लाकडी घरांच्या गल्ल्यांत नेलं. हॉस्पिटलपाशी आल्यावर मात्र मी अडखळले. ते कुठं आहे, कसं दिसतं, त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांनी ते पाहिलं तरी होतं की नाही कोण जाणे. आजींनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाल्या, "तू तो ना गइले है." तू तर कधी गेलीच नाहीस. रागानं नाही, जसं आहे तसं. मग हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी रॉयचा तो मेसेज आला.

अंत्यसंस्काराला डेन हाग, रॉटरडॅमहून पुष्कळ माणसं आली. बायकांनी सरनामीत गाणी म्हटली. रॉय पहिल्या रांगेत ताठ बसून होता आणि लीलामौसी त्याच्या कानात प्रत्येक ओळीचा डचमध्ये अर्थ सांगत होत्या. मला कोणी काही विचारायची गरज पडली नाही. राख रॉय सुरिनामला नेणार आहे, पारामारिबोजवळ समुद्राकाठी विसर्जन करायला. पण इथल्या कायद्यानं राख काही काळ क्रिमेटोरियममध्येच ठेवावी लागते. म्हणजे आजी अजून तिथं फडताळात आहेत.

परवा ईराच्या शाळेत तिची बोलायची पाळी होती. इथं मुलांना वर्गासमोर उभं राहून एखाद्या विषयावर बोलावं लागतं. बाईंनी यंदा विषय दिला होता, "माझा देश". ईरा भारतावर बोलेल असं मी धरून चालले होते, घाटाची, दिवाळीची चित्रं छापूनही ठेवली होती. तिनं ती नेलीच नाहीत. ती वर्गासमोर उभी राहिली आणि डचमध्ये म्हणाली, "माझ्या आजीचा देश सुरिनाम. सगळ्यांना तो लहान वाटतो, पण हॉलंड त्यात चार वेळा बसेल." पालकांसाठी मागे खुर्च्या मांडल्या होत्या. मी त्यांतल्या एकीवर बसून ऐकत राहिले. समुद्र, जंगल, भात, तराफा, सगळं तिनं सांगितलं. मला वाटायचं ती आजींकडे नुसती बिस्किटं खायला जाते.

शेवटी मुलांनी प्रश्न विचारले. तिथं साप असतात का? हो, खूप. तू विमानानं गेली होतीस का? नाही. मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "तुझी आजी आता तिथं आहे का?"

ईरानं मागे माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी सुचवावं अशी वाट बघत. मला मराठीत सुचेना, डचमध्ये सुचेना, कशातच सुचेना. ती वर्गाकडे वळून म्हणाली, "नाही, अजून नाही. आधी इथं थांबावं लागतं. तसा नियम आहे."

वर्गानं मान डोलावली. नियम म्हटल्यावर त्यांना पटलं. बाईंनी टाळ्या वाजवायला सांगितल्या आणि मीही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.