कानाला लावलेला व्हिडिओ कॉल

लेकीनं मला नवा फोन घेतला आणि शिरूरच्या दुकानदाराच्या नादी लागून कंपनीसुद्धा बदलली. नंबर जुनाच, सिम नवं. दुकानात त्या फोनचा वेग बघून मी म्हटलं, अगं बाई! केंदूरला घरी आले तर रेंजची एक दांडी दिसेना.

"दुकानातच ऱ्हा आता फोन घिऊन," आमचे मालक हसले.

हसू देत. मला त्या फोनचं भारी नवल. स्वयंपाकघरात रेंज नाही, ओट्यावर नाही, गोठ्यात म्हशीपाशी एक दांडी यायची आणि लगेच जायची. फोन पुढं धरून मी अख्खं रान फिरले. विहिरीच्या कडेला, शेवंतीच्या पहिल्या सरीपाशी दांड्या फुल्ल! तिथंच का, हे मला अजून कळलेलं नाही.

एवढा आटापिटा आईसाठी. आई कासुर्डीला भावाकडं असते. तिला ठार ऐकू येत नाही, त्यामुळं फोन कायम वहिनी घेणार, आणि माझा निरोप वहिनी सांगणार. वहिनी मनानं वाईट नाही, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि मला डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली होती. हे आईला माझ्याच तोंडून कळायला हवं होतं. दसऱ्याच्या तोंडावर शेवंतीची तोडणी सोडून कासुर्डीला जाता येईना.

आईला ओठ वाचता येतात. तिचे कान गेल्यापासून आम्ही मायलेकी आवाज न काढता बोलतो. शेजारी बसलेल्यालाही पत्ता लागत नाही. म्हटलं, फोनवर जमतंय का बघू.

विहिरीपाशी उभी राहून व्हिडिओ कॉल लावला. वहिनीनं उचलला, "आत्याबाई, तुमची लेक!" असं ओरडून फोन आईच्या हातात दिला आणि दूध उतू जातंय म्हणून पळाली.

आईनं फोन कानाला लावला.

माझ्यासमोर नुसता कान! हा एवढा मोठा, कुडीसकट. ऐकू येत नाही तरी फोन म्हटलं की कानालाच लावायचा. मी इकडून बोंबलतेय, "आये, फोन तोंडाम्होरं धर!" तिला काय ऐकू येणार, कपाळ! हसू येत होतं आणि रागही येत होता. शेवटी कंटाळून तिनं फोन खाली घेतला आणि तिला मी दिसले.

आवाज तुटत होता, पण आम्हाला आवाजाशी काय देणंघेणं! मी नुसते ओठ हलवले. पिशवी काढायचीय. घाबरू नगंस.

आई माझ्या ओठांकडं बघत राहिली. मागं वहिनीची भांडी वाजत होती. आईनंही नुसते ओठ हलवले.

"कवा?"

"दसरा झाला की."

"मी येती. तवर तू वजं उचलू नगंस."

दवाखान्यातसुद्धा मी रडले नव्हते. आता मात्र आवरेना. रेंज जावी असं फार वाटलं, पण चित्र काही हललं नाही, आणि आई बघतच होती.

मग तिनं पदर हातात घेतला. माझ्या फोनवर सगळा हिरवा पदरच पदर, इकडून तिकडं फिरणारा. आई तिकडून काच पुसत होती.