उजव्या कोपऱ्यातलं नाव

देवाचं ताम्हण अर्धंच घासून झालं होतं. अर्धं चिंचेने लखलखीत, अर्धं अजून काळपट. तेवढ्यात आमचे हे खालच्या दुकानातून वर आले आणि ओलं ताम्हण माझ्या हातातून काढूनच घेतलं.

"ह्यां कोणाचा नाव गो?" काठावरची टिंबाटिंबांची अक्षरं खिडकीशी धरून ह्यांनी विचारलं.

"इतकी वर्षं बघताय की. माझ्या मामांचं. लग्नात दिलेलं."

"ता म्हायत हा माका. पण ठोकल्यान कोणी? ठोकणाऱ्याचा नाव खंय आसा?"

"भांड्यावर नाव घालणारा स्वतःचं नाव घालतो होय कधी? तुम्ही घालता फ्रेमवर?"

ह्यांनी ताम्हण ओट्यावर ठेवलं, फ्रीज उघडला, काही न घेताच बंद केला, आणि गेले खाली. लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाही. कालपासून हे असंच चाललंय. जेवण उभ्यानेच. काल संध्याकाळी मी माळ घेऊन बसले तर ह्यांच्या येरझाऱ्या सुरू, मग माझंही लक्ष मण्यांवरून त्यांच्या चपलांकडे गेलं. देवा, त्यांना एका जागी बसव, एवढंच मागते.

हे म्हणजे शांताराम, माझे यजमान. मालवणकडून सुतारकामाला मस्कतला आले, आणि पुढे अर्बाबच्या, म्हणजे इथल्या ओमानी मालकाच्या नावावर अझैब्यात फ्रेमचं हे दुकान टाकलं. कुराणातल्या आयता, शाळेची सर्टिफिकेटं, लग्नाचे फोटो, सगळं येतं. पण आपल्या लोकांत ह्यांची ओळख हाराच्या फोटोंसाठी. गावी कोणाचा बाप जातो, मुलाला सुट्टी मिळत नाही. तो मोबाइलमधला फोटो घेऊन येतो आणि दारातच उभा राहतो. हे त्याला स्टूल देतात आणि फ्रेम होईपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. "बोललंय तर तो रडतलो," म्हणतात. "रडान्दे, पण घराक जाऊन."

आता हाराचा फोटो ह्यांच्याच घरातला आलाय.

सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. ह्यांना विमान मिळालं, पण गावी पोचेपर्यंत धनंजय भावोजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, अग्नी देऊन टाकला होता. हे बॅग खांद्यावर असतानाच अंगणात ओरडले, "वायंच थांबाक येना नाय तुका?"

"आवशीक बर्फात किती येळ ठेवूची?" भावोजी म्हणाले. "तुजा इमान येयपर्यंत?"

तेव्हापासून दोघे भाऊ बोललेले नाहीत. आता वर्षश्राद्ध आलंय. भावोजींच्या दीप्तीने ह्यांना फोटो पाठवला: काका, आजीचा फोटो मोठा करून फ्रेम करून पाठवा. बापाने सांगितलं म्हणून, की स्वतःच्या मनाने, ते तिने लिहिलं नाही.

फोटो सुंदर आहे. सासूबाई अंगणात आमसुलं वाळत घालताहेत आणि मान वळवून मनापासून हसताहेत. खाली सारवणावर फोटो काढणाऱ्याची लांब सावली पडली आहे, थेट त्यांच्या पायांपर्यंत. दोन्ही कोपरं बाहेर काढलेली. अशी कोपरं काढून आमच्या घरात एकच माणूस उभा राहतो, भावोजी. ह्यांनी कॉम्प्युटरवर फोटो खांद्यापाशी कापला. आई राहिली, सावली गेली. छापून भोवतीच्या पुठ्ठ्याचं माउंटही कापून ठेवलं.

आणि काल हाफिजा आली.

हाफिजाने निझव्याला आजोबांच्या जुन्या घराचं गेस्ट हाऊस केलंय. तिचे काका परदेशात शिकायला होते, तेव्हा त्यांनी जुन्या बाजारातून चित्रं जमवली होती, तिकडच्या जुन्या सरदार-उमरावांची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली. केसांचे मोठमोठे टोप, गळ्यात लेस, हात तलवारीवर. एकच त्यात दरबारी चित्रकार, त्याच्या हातात कुंचला. ती सगळी ह्यांच्याकडे फ्रेमला आलेली. ह्यांनी माउंटला दोन खिडक्या कशा छान कापल्या होत्या: चेहरा दिसेल, खालचं मोठं नाव दिसेल, आणि त्याच्या वरच्या मुंगीएवढ्या ओळी झाकल्या जातील.

मी तेव्हा चहा घेऊन खाली गेले होते. हाफिजा म्हणाली, "शांता, इधर दो आदमी था. किधर गया?"

"कौन आदमी, मॅडम?"

"तुम दफन किया उसको." आणि खो खो हसली. माउंट उचलून तिने बोट ठेवलं. चित्राखाली डाव्या कोपऱ्यात ज्याने रंगवलं त्याचं नाव, उजव्या कोपऱ्यात ज्याने कोरलं त्याचं. "पहले ये देखा. बाद में ये काटा. उसके बाद हम देखता है. ये दोनों नहीं, तो ये बड़ा साहब भी नहीं. खलास, नया माउंट काटो."

ती गेल्यावर हे तणतणले. "तोंड सरदाराचा नि नावा चाकरांची दाखवची!" पण हात भिंगाकडे गेलाच. मलाही दाखवलं. भिंगाखाली सरदाराचा गाल नाहीसा होतो, उरतात नुसत्या रेघा, एकीला एक न चिकटलेल्या. त्या चित्रकाराच्या चित्राशी मात्र हे थबकले. खालचं मोठं नाव आणि डाव्या कोपऱ्यातलं नाव एकच.

"स्वतःचाच तोंड काढल्यान मगे," हे म्हणाले. मग भिंग उजवीकडे सरकलं आणि आवाज उतरला. "तरी कोरूक दुसरो लागलोच."

तेव्हापासून ह्यांचा पाय ठरत नाही.

आज ताम्हणाचं ते विचारून गेले म्हणून मी मागोमाग खाली उतरले. हात तसेच चिंचेचे. टेबलावर सासूबाई दोनदा: एक खांद्यापर्यंतची, आणि एक आत्ताच छापलेली, अख्खी, सावलीसकट.

"सावली ठेवलंय तर आवस बारीक दिसता," हे म्हणाले.

"आणि कापली तर?"

पट्टी उचलली, ठेवली, परत उचलली. "कापलंय तर ती कोणाकडे बघून हसता, ताच कळना नाय."

ह्यांनीच मग मला स्टूल पुढे केलं, पेन दिलं. "हात धू नि लिव. तुजा अक्षर बरा. हय, उजवीकडे. नुसता नाव."

मी फोटोखालच्या कोऱ्या पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलं: धनंजय.

"आणि डावीकडे? मूळ घडवणाऱ्याचं?" माझे डोळे सवयीने वर गेले.

"तेचा नाव तू दिवसभर घेतसच. तेका कागद कित्याक?"

मला हसू आलं, पण ह्यांना नाही. माउंट कापताना पहिल्यांदाच सुरी वाकडी गेली, दुसरं घ्यावं लागलं. "धनूक वाटात, मी टोमणो मारलंय."

"वाटलं तर फोन करून भांडतील. तेवढं तरी बोलणं होईल."

"नि नायच केल्यान तर? पाडव्याच्या साफसफाईक काढून माळ्यार टाकल्यान तर?"

"आई आहेत त्यात. कोण टाकेल माळ्यावर?"

ह्यांनी वाटेत फुटायला नको म्हणून काच न लावता, दोन पुठ्ठ्यांत घालून फ्रेम बांधली. काच भावोजी तिकडे लावतील, लावायची असेल तर. गाठ मारली, सोडली, एकदा नाव पाहिलं, परत मारली. माबेल्यात राहणारा आमच्या गावचा राकेश उद्या सकाळी गावी निघतोय, त्याची बॅग आज भरून होईल.

ताम्हण ओट्यावर अर्धंच पडलंय. हे गाडीची किल्ली शोधताहेत. माबेल्याला जाऊन राकेशच्या हातात फ्रेम द्यायची आहे.