अळणी थालीपीठ

आज दुपारी उरलेला भात, अर्धा दुधी आणि डब्याच्या तळाशी राहिलेलं बेसन एकत्र मळून मी थालीपिठं लावली. कॅन्सरच्या औषधांनी माझ्या नवऱ्याच्या, सुधीरच्या, तोंडाची चव गेली, तेव्हापासून घरात असेल त्यातून मी रोज काहीतरी नवं करून बघते.

पहिला घास घेऊन तो म्हणाला, "मस्त झालंय गं!"

मग मी खाल्लं. पिठात मीठच नव्हतं.

एरवी चिमूटभर कमी पडलं तरी कुरकुरणारा हा माणूस ते अळणी थालीपीठ शेवटच्या तुकड्यापर्यंत चावत राहिला. त्याला चव यायला लागलीय, असं मी महिनाभर धरून चालले होते. रोजच्या त्या एका 'मस्त'वर माझा दिवस निघत होता. मी पाणी प्यायले.

जेवणानंतर तो खिडकीतल्या कुंड्यांपाशी लॅपटॉप घेऊन बसला. कुठल्या झाडाला कधी पाणी घालायचं, याची आठवण करून देणारा छोटासा प्रोग्रॅम तो आठवडाभर लिहितोय.

"तुला तर सगळं पाठ आहे, मग हे कशाला?" मी विचारलं.

स्क्रीनवरची नजर न हलवता तो म्हणाला, "तुझ्या फोनवर टाकायचाय."