आभार कसले त्यात!

पोरगं सोमवारी सामान गुंडाळून घरी येणार आणि पुन्हा काही विद्यापीठाचं तोंड बघणार नाही, ही धास्ती आठवडाभर आईच्या मनातून काही केल्या जात नव्हती.

पोरगं तसं गुणी. वास्तुकला शिकणारं, बोटांत कसब. पण बोलायची वेळ आली की मूग गिळून बसणार. थोरली लेक, त्याची ताई, त्याला मौनीबाबाच म्हणायची. वसतिगृहातलं दुसरं वर्ष संपत आलं तरी फोनवर एकच पालुपद, "आई, इथं माझं कुणी नाही. मी येतो परत."

झालं होतं असं. त्यानं परीक्षेसाठी केलेलं पुठ्ठ्याचं घर दारात अडकून चेपलं. खोलीतला लंबू आणि शेजारच्या खोलीतले दोघं आपापली कामं टाकून दुपारभर गोंद आणि कात्र्या घेऊन त्याच्याबरोबर बसले. घर वेळेत उभं राहिलं, मार्कही चांगले पडले. यानं मात्र चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते तिघं त्याला हाक न मारताच जेवायला जाऊ लागले.

सुट्टीला आलेल्या लेकीला आईनं हे सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "मग हा त्यांना काही म्हणाला की नाही?"

"काय म्हणायचं? आपल्या माणसांचे आभार कसले मानायचे? परके का आहेत ते?"

"अगं, हा त्यांना आपलं मानतो हे त्यांना कसं कळणार? याच्या कपाळावर लिहिलंय?"

या घरात असंच चालत आलेलं. चुकून कुणी "बरं झालं, तू होतीस" म्हटलं, की समोरची फुरंगटणार, "म्हणजे मी पाहुणी झाले का?"

लेकीनं तिथल्या तिथं भावाला फोन लावला आणि चांगला झाडला.

तो बराच घुटमळला. शेवटी वसतिगृहाच्या गच्चीवर चादर पिळत असलेल्या लंबूपुढं जाऊन उभा राहिला. "त्या दिवशी... तुम्ही होतात म्हणून झालं. नाहीतर मी बुडालोच होतो."

लंबू बघतच राहिला. "अरे, तुला बोलता येतं? आम्हाला वाटलं, साहेब आम्हाला नोकर समजतात." मग चादरीचं टोक त्याच्यापुढं केलं. "भाषण संपलं असेल तर धर. पीळ."

हे सगळं पोरानं आज स्वतःहून फोन करून सांगितलं, आणि सांगता सांगता खळखळून हसला. "मार्क मिळाले तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं गं."

"मग सोमवारी...?"

"सोमवारी कसा येऊ? लंबूचं काम अडलंय. चल, ठेवतो." आणि ठेवलाच.

आईच्या जिवात जीव आला. मग तिला आठवलं, पोराची गाडी रुळावर आणली ती लेकीनं, आणि तिला निघताना आपण काय म्हणालो? "पोचलीस की कळव." बस्स. आता फोन करून आभार मानले तर ती आधी घाबरणार. "आई, बरी आहेस ना? ताप-बीप नाही ना?"

म्हणेना का. आईनं चष्मा लावला आणि लेकीचा नंबर काढला.