श्रोत्यासाठी एक मात्रा

ओदीलबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमध्ये, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलो होतो. निरोप बाईंच्या रचना वाजवणाऱ्या वाद्यवृंदाच्या संचालकांचा होता. पहिल्या ओळीत बाई गेल्याचं, आणि दुसरीत लगेच, त्यांच्या शेवटच्या रचनेची वही तुमच्याकडे आहे ना, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात वाजवायची आहे... ‘अर्थात, ती श्रोत्याची मात्रा वगळून.’ खोटं कशाला सांगू, रडू आलंच नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

बुकित बातोकला त्या आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. मूळच्या फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. पॅरिसला शिकताना गुरुजी म्हणाले, तुझ्या रचनांत स्वर कमी आणि शांतता फार. बाईंनी पुढच्या रचनेतले स्वर आणखी कमी केले! नवऱ्याच्या नोकरीपायी सिंगापूरला आल्या आणि तो गेल्यावरही परतल्या नाहीत. पियानोपुढे बसून एकेका स्वराची महिना महिना मनधरणी करायच्या. भिंतीपलीकडून तोच तो स्वर ऐकून सुरुवातीला मला वाटलं होतं, पियानो दुरुस्त करणारा आलाय.

शेजारधर्म म्हणून आम्ही नवरा-बायको त्यांच्या एका कार्यक्रमाला गेलो. माझं लहानपण पुण्यात, गाण्याच्या बैठकांत सतरंजीवर मांडी ठोकून गेलेलं. इथे सगळे श्वास रोखून बसलेले. सात वादक, आणि मध्येच एक शांतता, इतकी लांब की मला माझ्याच पोटातली गुरगुर ऐकू आली. मग त्या शांततेतून क्लॅरिनेटचा एकच स्वर असा अलगद उतरला की माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘वा!’’ सगळं सभागृह वळून बघायला लागलं. बायकोने चिमटा काढला. संचालकांची मान मागून लालबुंद झालेली मला दिसली.

दुसऱ्या दिवशी चिवड्याचा डबा घेऊन माफी मागायला गेलो. दारातच बाईंनी विचारलं, ‘‘काल तू ‘व्वाला’ म्हणता म्हणता अर्ध्यावर का थांबलास?’’ त्यांच्या भाषेत ‘व्वाला’ म्हणजे ‘हे बघ, जमलं!’

‘‘बाई, आमचा शब्द तेवढाच आहे. दाद म्हणतात त्याला. ती दिली नाही तर गाणाऱ्याला वाटतं, समोर भिंत बसलीय.’’

चिवड्यातला एकेक शेंगदाणा त्यांनी वेचून खाल्ला. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे पन्नास वर्षं मी भिंतींसाठी लिहीत आले.’’

नव्या रचनेत त्यांनी क्लॅरिनेटच्या एका स्वरानंतर एक मात्रा मोकळी ठेवली आणि तिच्यावर लिहिलं, ‘श्रोता’. कुणीतरी दाद देईपर्यंत वादकांनी थांबायचं. मी सांगून पाहिलं, ‘‘अहो, दाद अशी ठरवून येत नसते. कुणीच बोललं नाही तर?’’

‘‘तर तिथेच संपलं.’’

संचालक म्हणाले, इथले श्रोते अजून तयार नाहीत, ती मात्रा काढा. बाईंनी अख्खी रचनाच काढून घेतली. ठरलेला कार्यक्रम गेला. मीही शहाणपणा केला, ‘‘जरा नमतं घ्या, निदान लोकांना ऐकायला तरी मिळेल.’’ पियानोचं झाकण आपटून त्यांनी मला घराबाहेर काढलं होतं! आजारपणात मात्र वही माझ्याच हातात ठेवली. ‘‘एक मात्राही कमी करायची नाही,’’ एवढंच म्हणाल्या... ‘नमतं घ्या’ म्हणालो त्या दिवसाची लाज मला अजून वाटते.

म्हणून मी वही दिली नाही. चार जणांनी समजावलं, आडमुठेपणा करू नकोस, बाईंचं नाव होतंय तर होऊ दे. नाव! नाव हवं असतं तर त्या पॅरिसला नसत्या का राहिल्या? पाच आठवडे मी सगळ्यांशी वाकडा वागलो. शेवटी त्या वाद्यवृंदातल्या क्लॅरिनेटवालीचा, हुई मिनचा फोन आला, इथल्या खास ढबीत. ‘‘अंकल, हॉल नको लाह. तुमच्या ब्लॉकच्या खालीच वाजवू या, मात्रेसकट.’’

गेल्या रविवारी सकाळी आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, वॉइड डेकवर, सात वादक प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसले. समोर आमची मराठी मंडळी. त्या मात्रेबद्दल मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मागून घेतलेली दाद बाईंना चालली नसती. क्लॅरिनेटचा तो स्वर आला, विरला, आणि सगळे थांबले. मला ओरडायचं होतं, पण माझी दाद ठरवून दिलेलीच झाली असती. आणि एरवी ज्यांना गप्प बसवावं लागतं ती आमची माणसं, पाश्चात्त्य संगीत आहे म्हणून, अगदी शहाण्यासारखी हाताची घडी घालून बसलेली! हुई मिनने क्लॅरिनेट ओठांपासून हळूहळू खाली घेतलं. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात लिफ्टपाशी भाजीची ट्रॉली घेऊन उभी असलेली एक चिनी आंटी स्वतःशीच, पण चांगली खणखणीत म्हणाली, ‘‘वाऽ! सो नाइस, आह!’’

इथल्या लोकांचाही शब्द हाच आहे, हे इतकी वर्षं राहून माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. हुई मिन हसली आणि पुढचा स्वर लागला.

संचालकांना मी कालच कळवलं. वही माझ्याकडे आहे, श्रोते तयार आहेत, तुम्ही तयार झालात की या.